वाकायचं आणि जायचं

काम एवढंच होतं: आत जायचं, वाकायचं आणि बाहेर यायचं. आमच्या सिनेटमध्ये ही सवलत जुनी आहे. राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिपदासाठी पाठवलेला माणूस पूर्वी कधी संसदेत बसलेला असला, तर त्याला प्रश्न विचारत नाहीत. आपलाच माणूस, त्याला काय विचारायचं? सभापती म्हणतात, "वाका आणि जा." उमेदवार कमरेत वाकतो, बाकं बडवली जातात आणि देशाला एक मंत्री मिळतो. माजी खासदारांच्या बायकांना ही सवलत मिळालेली मी पाहिली आहे, जावयांनाही पाहिली आहे. एका गृहस्थांचे वडील सगळ्यांच्या ओळखीचे निघाले, तर त्यांनाही वाकून जायला सांगितलं. ते इतके खूश झाले की दोनदा वाकले.

आणि ज्यांना प्रश्न विचारतात त्यांना तरी काय विचारणार? यादीत नुसती नावं असतात. कोणाला कुठलं खातं मिळणार हे राष्ट्राध्यक्षांच्या मनात. त्यामुळे ज्याला शेतीबद्दल छळलं तो पुढे विमानं सांभाळतो, आणि तेलाचा अभ्यास करून आलेल्याच्या गळ्यात क्रीडा खातं पडतं.

मी एतिम. राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आणि सिनेट यांच्या मधला माणूस. माणसं बदलली, मी राहिलो. उमेदवाराला कोणत्या दाराने आत न्यायचं, कोणासमोर किती हसायचं, हे मी बघतो. सिनेटरला 'अतिसन्माननीय' म्हणायचं असतं. नुसतं 'सन्माननीय' म्हटलं तर आपल्याला खालच्या सभागृहात बसवलं असं त्याला वाटतं आणि तो आठवडाभर फोन उचलत नाही. कोण कोणाच्या मुलीच्या लग्नाला आला नाही, कोणी कोणाच्या आईच्या अंत्यविधीला माणूस पाठवून भागवलं, हा सगळा जमाखर्च माझ्या डोक्यात असतो. मतं शेवटी त्याच हिशेबाने पडतात.

त्या दिवशीच्या यादीत मला सर्वांत बिनघोर वाटलेलं नाव होतं इबिरोंके ओलावुयी. पेशाने इंजिनिअर. खालच्या सभागृहात एकदा निवडून आलेल्या, म्हणजे वाकण्याचा हक्क पक्का. नंतर त्यांच्या राज्यात त्यांनी पाणीखातं सांभाळलं होतं. आमच्याकडे उमेदवाराच्या राज्यातले तीन सिनेटर असतात, त्यातल्या निदान दोघांनी पाठिंबा द्यावा लागतो. इबिरोंके बाईंना तिघांचाही होता. पहिले चीफ बाबारिंडे, त्या राज्याचे माजी गव्हर्नर; बाईंनी पाणीखातं सांभाळलं ते त्यांच्याच काळात. दुसरा सिनेटर कोलापो, जो पूर्वी चीफचा खाजगी सचिव होता आणि अजूनही त्यांचं वाक्य संपायच्या आत मान हलवतो. आम्ही त्याला पाठीमागे 'आमेन' म्हणतो. तिसऱ्या म्हणजे विरोधी पक्षाच्या सिनेटर राशिदात अयिनला, जिभेने तिखट पण मनाने सरळ.

प्रतीक्षागृहात 'मीट पाय' म्हणतात त्या खिम्याच्या थंड करंज्या होत्या आणि घामेजलेले उमेदवार. टेरवासे नावाचे एक माजी खासदार कोपऱ्यात उभं राहून राष्ट्रीय प्रतिज्ञा पाठ करत होते. त्यांनाही वाकूनच जायचं होतं, पण न जाणो कोणी म्हणायला लावली तर! तिसऱ्या ओळीवर त्यांचं गाडं दर वेळी अडत होतं.

इबिरोंके बाई मात्र पाय लांब करून बसल्या होत्या. डोक्याला निळं कडक वस्त्र बांधलेलं, इतकं उंच की मागच्या खुर्चीवरच्या माणसाने जागा बदलली होती.

"मॅडम, दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो. "सभापती म्हणतील, वाका आणि जा. तुम्ही वाकायचं. फार खाली नको, नाहीतर टीव्हीवर नुसतं निळं कापड दिसेल."

"मी वाकणार नाही, एतिम."

मला वाटलं, दुखणं असेल. "कंबर धरलीय का? मग नुसती मान झुकवा. मागे एका आजोबांनी खुर्चीत बसूनच..."

"कंबर ठणठणीत आहे. मला प्रश्न विचारायला सांग."

मी इकडेतिकडे पाहिलं. टेरवासे प्रतिज्ञा विसरून आमच्याकडे बघत होते.

"मॅडम, प्रश्न टळावा म्हणून लोक चर्चमध्ये नवस बोलतात. मशिदीत बकरे देतात. आणि तुम्ही मागून घेताय?"

"त्यांच्या नावाने कोणी नळाला हाक मारत नसेल."

ही नळाची गोष्ट मला ऐकून माहीत होती, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. ओके-इलेमो हे त्यांचं गाव. त्यांच्या काळात तिथे चौकाचौकात नळ बसले. उद्घाटनाच्या दिवशी पाणी आलं, चीफ बाबारिंडेंनी ओंजळीने पिऊन दाखवलं, बँड वाजला. दुसऱ्या दिवसापासून जे गेलं ते गेलं. त्याच आठवड्यात बाईंचं पद गेलं आणि गावभर बोलवा झाली की पाण्याचा पैसा बाईंनी खाल्ला. गावात कोरड्या नळाला तेव्हापासून 'इबिरोंके' म्हणतात. सकाळी बायका एकमेकींना विचारतात, आज काय? तर म्हणे, इबिरोंकेच.

"आई अजून तिथेच आहे," बाई म्हणाल्या. "चौकात डाळीचे वडे, आकारा, तळते. डाळ भिजवायलासुद्धा विकतच्या पाण्याच्या पिशव्या फोडते. मागच्या महिन्यात शेजारी नवी सून आली. तिला काय माहीत ही कोणाची आई? तिने विचारलं, 'मावशी, तुमच्याकडेही इबिरोंकेच का?' आईने काय सांगितलं असेल?"

"काय?"

"म्हणाली, 'हो ग बाई, आमच्याकडे तर जन्मल्यापासून.'"

त्या हसल्या. मीही हसलो, मग हसू आवरलं.

"मॅडम, मंत्री झालात की ते नाव आपोआप पुसलं जाईल."

"कसं पुसलं जाईल? कोरड्या नळाला मंत्रीणबाई म्हणतील, एवढाच फरक. वाकून गेले की सगळे म्हणणार, बघा, विचारायची हिंमत कोणाची झाली नाही, म्हणजे खाल्लंच असणार. मला सगळ्यांसमोर विचारू दे, एतिम. पाणी कुठे गेलं म्हणून विचारू दे."

"आणि विचारलं तर चीफचं नाव घ्याल?"

"जे आहे ते सांगेन."

मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. "चीफ गेले म्हणजे आमेनही गेला. उरल्या एकट्या राशिदात. एकीच्या पाठिंब्यावर आजवर कोणी मंत्री झालेलं नाही."

"बेरीज मलाही येते," त्या म्हणाल्या. "तू मीट पाय खाल्लास का? नको खाऊस, वास येतोय."

मी तडक चीफ बाबारिंडेंना गाठलं. ते मार्गिकेत तीन माणसांना एकाच वेळी मिठी मारत होते. पांढरा अगबाडा, त्याच्या घोळदार बाह्या सतत खांद्यावर टाकायची सवय.

"काय एतिम, आमची मुलगी तयार आहे ना?"

"तयार आहे, चीफ. जरा हट्टाला पेटलीय. म्हणते, मला प्रश्न विचारा."

चीफ मनापासून हसले. "लहानपणापासून अशीच. पण विचारणार कोण? सांग ना, कोण विचारणार? मी तिला पाठिंबा दिला तो काय उगीच? झालं गेलं मी केव्हाच माफ केलंय."

"कशाबद्दल माफ केलंत, चीफ?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो जरा जड होता. "आता ते कोण उकरत बसणार, एतिम? आज ती वाकली की विषय मिटला. तिचाही आणि सगळ्यांचाच."

बाजूला कोलापो होता. त्याने मान हलवली.

तेव्हा मला कळलं की या वाकण्यात चीफचा वाटा बाईंपेक्षा मोठा होता. त्यांच्या शिफारशीने मंत्री झालेली बाई त्यांच्यावर कसं बोट दाखवणार? माणूस विकत घेण्याचे अनेक प्रकार मी पाहिलेत, पण मंत्रिपद देऊन गप्प करणं हा सर्वांत सभ्य प्रकार. पैसे आपले जात नाहीत, वर उपकारही राहतात.

सभागृहात आधी टेरवासेंना बोलावलं. ते वाकले, बाकं वाजली, आणि प्रतिज्ञा कोणीच विचारली नाही म्हणून ते बाहेर जाताना थोडे खट्टू दिसले. मग इबिरोंके बाई आत गेल्या. मी बाजूच्या दारात उभा राहिलो.

सभापतींनी चष्मा नाकावर सरकवला. "आपल्या जुन्या सहकारी. खालच्या सभागृहात यांनी काम केलेलं आहे. तिन्ही सिनेटरांचा पाठिंबा आहे. तेव्हा बाई, वाका आणि जा."

बाकांवर हात पडायला सुरुवात झाली. हात पडता पडता थांबले. बाई उभ्याच होत्या.

"सभापती महोदय, मला प्रश्न विचारावा."

"बाई, ही सवलत आहे. सभागृहाने प्रेमाने दिलेली."

"प्रेमाबद्दल आभारी आहे. पण सवलत घ्यायची की नाही, हे ज्याला दिली त्यानेच ठरवायचं ना?"

थोडी हसाहस झाली. मग मागून आवाज सुरू झाले. वाका! वाका आणि जा! कोणी ओरडलं, "मॅडम, भूक लागलीय!" दुसरा म्हणाला, "जेवल्यावर वाकलात तर पोटात दुखेल, आत्ताच वाका!" सभापतींनी हातोडा आपटला. बाई हलल्या नाहीत. दोन्ही हात पुढच्या कठड्यावर ठेवलेले, मान ताठ.

सभापतींनी खाली सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि पानं उलटू लागले. न वाकणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्यात कुठे असणार? ज्यांनी नियम केले त्यांना असा माणूस भेटलाच नव्हता. डाव्या बाजूला राशिदात केव्हापासून हात वर करून उभ्या होत्या, पण सभापतींना त्या दिवशी डावीकडचं दिसत नव्हतं.

"बाई, आपण वाकल्याशिवाय आम्हाला पुढचं नाव घेता येत नाही," सभापती काकुळतीला आले.

"मग विचारा."

"पण विचारायचं काय?"

"तेही मीच सांगू का, सभापती महोदय?"

गॅलरीतून टाळी आली. हातोडा पुन्हा आपटला. या क्षणी कोणी उठून चहाची सुट्टी मागितली असती तर सगळं निभावलं असतं. मी दारातून दोघातिघांना तशी खूणही केली. पण चीफ उठले.

त्यांना उठायची काही गरज नव्हती. पण टीव्ही चालू होता, गॅलरी हसत होती, आणि जिला ते आपली मुलगी म्हणवत होते ती बाई सगळ्यांसमोर त्यांनी मिळवून दिलेली सवलत नाकारत होती. चीफना सगळं सहन होतं, आपला मान हातातून सुटताना दिसला की मात्र होत नाही. त्यांनी बाह्या खांद्यावर टाकल्या.

"सभापती महोदय, मी फक्त मुलीला समजावतो." मग आवाज खाली आणून, घरातल्यासारखं: "इबिरोंके, आपल्याकडच्या बायका वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकतात. तुझ्या आईने शिकवलं नाही का तुला? वाकायला कसली लाज वाटते?"

सभागृह खूश झालं. आता बाई काय करणार?

बाई कठड्याच्या मागून बाहेर आल्या. सरळ चीफच्या बाकासमोर गेल्या. डोक्यावरचं उंच वस्त्र सावरलं आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकवले, आमच्याकडे आईवडिलांसमोर टेकतात तसे, काही न राखता. "दुपारचा नमस्कार, बाबा."

चीफनी हात उंचावून आशीर्वाद दिला, थोडा कॅमेऱ्याकडे वळून. बाकं धडाधड वाजली. कोलापोने दोन्ही हातांनी वाजवली. सभापतींनी सुस्कारा सोडला आणि पुढच्या नावाचा कागद उचलला.

बाई उठल्या, परत कठड्यामागे गेल्या आणि बोलू लागल्या.

"नमस्कार वयाला होता, चीफ. आईने शिकवलंय. आता तुमच्या प्रश्नाकडे येते. वाकायला कसली लाज वाटते, असं आपण विचारलंत. सभापती महोदय, अतिसन्माननीय सिनेटरांचा प्रश्न कामकाजात नोंदला गेला ना?"

सचिवांनी सवयीने मान हलवली. हलवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चीफ अजून उभेच होते, आशीर्वादाचा हात खाली यायचा होता.

"मग उत्तर देते. लाज याची वाटते की मी इथे वाकले तर माझ्या गावाला उत्तर मिळणार नाही. ओके-इलेमोचं पाणी धरणातून निघतं, वाटेत कुठेही गळत नाही, मी स्वतः तपासलेलं आहे. टेकडीच्या पायथ्याशी नळाला फाटा फुटतो. उजवीकडे गाव, डावीकडे कारखाना. उजवीकडच्या व्हॉल्व्हला कुलूप आहे. मी पाणीखातं सांभाळत होते आणि त्या कुलपाची किल्ली मला मिळाली नाही. मागितली तर म्हणाले, उद्घाटनापुरतं टँकरने पाणी भरा, टाळ्या घ्या, पुढचं आम्ही बघतो. मी उद्घाटनाला गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी पदावर नव्हते आणि आठवड्याने चोर झाले."

"खोटं!" चीफ म्हणाले. "हे विषयाला सोडून आहे!"

"विषय आपणच काढलात, बाबा."

एव्हाना मागच्या रांगेतले उत्तरेकडचे एक वृद्ध सिनेटर जागे झाले होते. त्यांचा या राज्याशी काही संबंध नाही, त्यांना कोणाची भीती नाही आणि गोष्ट अर्धवट ऐकलेली त्यांना आवडत नाही. त्यांनी शेजाऱ्याला विचारावं तसं, पण माईकवर विचारलं, "पण कारखाना कसला?"

"पिण्याच्या पाण्याच्या पिशव्यांचा, अतिसन्माननीय. 'आईचा आशीर्वाद' छाप. आमचं गाव तेच विकत घेऊन पितं. आपलंच पाणी, पिशवीत भरून."

"आणि कुणाचा आहे तो?"

"पिशवीवर एका आजीबाईंचा फोटो आहे. त्यांच्या मुलाला विचारा. ते इथेच उभे आहेत."

पुढचा गोंधळ मी लिहीत बसत नाही. हातोड्याचा दांडा निखळला, एवढं सांगितलं की पुरे. चीफ काय बोलत होते ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि ते त्यांच्या भल्याचंच झालं.

शेवटी सभापतींनी नियमाचा आधार घेतला. उमेदवाराच्या राज्यातल्या तिघांनी आपलं मत सांगावं.

"विरोध," चीफ म्हणाले आणि खाली बसले.

"पाठिंबा," राशिदात म्हणाल्या. "आणि उशिरा का होईना, डावीकडे पाहिल्याबद्दल सभापतींचे आभार."

राहिला कोलापो. तो उठला. सबंध सभागृह त्याच्याकडे बघत होतं, आणि त्याच्या बाबतीत हे आयुष्यात पहिल्यांदाच झालेलं असावं. त्याचंही गाव ओके-इलेमोच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिथलाही नळ कोरडा. मला क्षणभर वाटलं, हा माणूस आज स्वतःचं काहीतरी बोलणार. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

"विरोध."

"ऐकू आलं नाही," सभापती म्हणाले. त्यांना खरंच आलं नव्हतं.

त्याला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं. म्हणताना त्याने ना चीफकडे पाहिलं, ना बाईंकडे. मग होकारवाल्यांनी हो म्हणावं, नकारवाल्यांनी नाही म्हणावं, असं झालं. नकार मोठा ठरला. अख्ख्या यादीत परत गेलेलं नाव ते एकच.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मॅडम, हातात आलेलं मंत्रिपद घालवलंत."

"माझ्या हातात कधी होतं? चीफच्या हातात होतं. त्यांनी काढून घेतलं." त्यांनी डोक्यावरचं वस्त्र सोडलं आणि घडी घालायला घेतली. "पाणी असेल तर दे. पिशवीतलं नको."

मला वाटलं, प्रकरण संपलं. त्यांनी बोलून घेतलं, मोल मोजलं. पण ओके-इलेमोच्या चौकात, आकारा तळायच्या कढईपाशी, जनरेटरवर टीव्ही चालू होता आणि निम्मं गाव तिथे उभं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका बादल्या घेऊन निघाल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी कारखान्याच्या फाटकासमोर बसल्या. आरडाओरडा नाही, दगड नाही. पहारेकरी म्हणाला, पिशव्या मागच्या दाराला मिळतात. त्या म्हणाल्या, पिशव्या नकोत, किल्ली हवी. कारखान्याचे ट्रक आत अडकले. त्यापुढच्या दिवशी पलीकडच्या गावच्या बायका आल्या, म्हणजे कोलापोच्या गावच्या. त्यांत त्याची सख्खी आत्या होती, हे मला नंतर कळलं.

मग माझे फोन सुरू झाले. चीफ सकाळी फोन करून बाईंना शिव्या देत, संध्याकाळी फोन करून तिला समजाव म्हणत. वरच्या कार्यालयात बैठक झाली. दुसऱ्या राज्यांतूनही कोरड्या नळांची चौकशी होऊ लागली होती आणि तिथल्या माजी गव्हर्नरांना झोप लागत नव्हती. तोडगा निघाला आणि तो घेऊन मला पाठवलं. बाईंनी टीव्हीवर दोन वाक्यं बोलायची: मी भावनेच्या भरात बोलले, चीफ मला वडिलांसारखे आहेत. तेवढं झालं की नाव पुन्हा सिनेटकडे जाईल, चीफ आणि कोलापो पाठिंबा देतील. आणि आजवर कधी झालं नव्हतं ते, खातंही आधीच सांगायचं ठरलं. पाण्याचं. अख्ख्या देशाच्या पाण्याचं.

खरं सांगतो, मला ते फायद्याचं वाटलं. वाटेत गाडीत मी ते बाईंना कसं सांगायचं याची उजळणी करत होतो. एका गावाच्या पाण्यासाठी भांडण्यापेक्षा सगळ्या देशाचं पाणी हातात घ्या, मॅडम. चांगलं वाक्य होतं.

फाटकापाशी बादल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. बाजूला बाईंच्या आईने कढई मांडली होती. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच ना रे तो? आमच्या पोरीला वाकायला सांगणारा?"

"मावशी, ते माझं कामच..."

"हे घे, गरम आहे. आणि तिकडे जा, माणसं कमी पडतायत."

कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्या सकाळी किल्ली दिली होती. ट्रक अडकले की चीफचा राग कमी वाटू लागतो. कुलूप निघालं, पण व्हॉल्व्ह इतकी वर्षं कोणी हलवलेला नव्हता, गंजून घट्ट बसला होता. इबिरोंके बाई खड्ड्यात उतरल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला साधा रुमाल. एका मोठ्या पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून तो लांब केला होता, आणि त्यावर चार बायका आणि एक पोलीस असे जोर लावत होते.

मी काठावर उभं राहून सगळं सांगितलं. दोन वाक्यं, पाठिंबा, खातं. देशाच्या पाण्याचं ते चांगलं वाक्यसुद्धा म्हटलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. पोलीसही थांबला. एक बाई म्हणाली, "काय ग, देशाचं?"

इबिरोंके बाईंनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला वाटलं, जमलं.

"भावनेच्या भरात?" त्या म्हणाल्या. "एतिम, मी सभागृहात व्हॉल्व्ह कुठे आहे ते सांगितलं. त्यात भावना कुठली? तो इथे आहे की नाही? तूच बघ आणि त्यांना सांग."

"आहे, मॅडम."

"मग मी काय मागे घेऊ?"

मी मनातली बेरीज पुन्हा मांडायला घेतली. हिशेबात मी सहसा अडत नाही.

"त्यांना म्हणावं, नाव परत पाठवायचं असेल तर पाठवा. मी पुन्हा येईन, पुन्हा उभी राहीन, आणि या वेळी सगळ्यांचे प्रश्न घेईन. देशात असे व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत, तेही विचारा म्हणावं." मग त्यांनी नळीचं टोक माझ्याकडे वळवलं. "आणि तू तिथे काठावर इस्त्रीचा शर्ट घालून काय उभा? खाली ये. पोलिसापेक्षा तू जाड आहेस."

बायका हसल्या. मी बूट काढले आणि उतरलो. दांड्याला हात घातला तर गंजाने पंजे लाल झाले. बाई म्हणाल्या, डावीकडे, सगळे एकदम. पहिल्यांदा काही हललं नाही. दुसऱ्यांदा कुठेतरी कर्र वाजलं. तिसऱ्यांदा दांडा हातभर फिरला आणि जमिनीखालच्या नळीतून, गावाच्या बाजूने, कोणी घसा खाकरावा तसा लांब आवाज निघाला. वर रांगेत बादल्या खणखणल्या.

"थांबू नका," बाई ओरडल्या, "अजून एक फेरा!"

माझ्या खिशात फोन वाजायला लागला होता. वाजू दिला. दोन्ही हात दांड्यावर होते.